'६५ अंश, २०४ बार' एवढं सांगून भागतं का?

मागच्या लेखात पॉलिमरची साखळी कशी सुरू होते, कशी वाढते आणि कशी थांबते ते आपण पाहिलं. आज त्याच विषयातला एक गाजलेला शोधनिबंध तपासायला घेऊ. त्याचं कौतुक भरपूर झालंय आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर या क्षेत्रात निबंध लिहिण्याची आणि वाचण्याची एक सवय पडली. माझी तक्रार आहे ती या सवयीबद्दल.

निबंध १९९४ साली 'सायन्स' या साप्ताहिकात आला. लेखक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे जोसेफ डीसिमोन आणि त्यांचे सहकारी. मोनोमर होता मिथाइल मेथाक्रिलेट, पुढे त्याला एमएमए म्हणू. यापासून बनणारं पॉलिमर तुम्ही रोज बघता. दुकानावरच्या चकचकीत ॲक्रिलिकच्या पाट्या त्याच्या असतात, आजोबांच्या कवळीचा गुलाबी भागही त्याचाच. हे पॉलिमर त्यांनी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये बनवलं. टोल्युइन नाही, हेक्झेन नाही, पाणीही नाही. झडप उघडली की द्रावक वायू होऊन निघून जातो आणि भांड्यात उरते कोरडी, पांढरी, भुरभुरीत पावडर. वाळवायची भानगड नाही. मोनोमरपैकी ९० टक्क्यांहून जास्त भागाचं पॉलिमर झालं आणि कण निघाले एक-दोन मायक्रॉनचे, गोल.

परिस्थिती दिली होती ६५ अंश सेल्सिअस आणि २०४ बार.

यानंतर अशा निबंधांची रांग लागली. जवळजवळ प्रत्येकात एक तक्ता. एका रकान्यात तापमान, दुसऱ्यात दाब, पुढे उतारा, रेणुभार, कणांचा आकार. आणि खाली निष्कर्ष: दाब वाढवला की अमुक वाढतं, तमुक कमी होतं. वाचणाऱ्याला वाटतं, रिअ‍ॅक्टरवर दाबाची एक कळ आहे, ती फिरवली की पॉलिमर बदलतं.

माझं म्हणणं असं, की बंद भांड्यातला दाब ही बहुतेक वेळा कळ नसतेच. तो इतर गोष्टींचा परिणाम असतो. त्याच्या मागे चार-पाच खरी कारणं लपलेली असतात, आणि ती सांगितली नाहीत तर तक्ता कितीही नीटनेटका असला तरी त्यावरून कार्यकारणभाव काढता येत नाही. आता एकेक करून बघू.

आधी दाबाचा अंदाज घेऊ

२०४ बार म्हणजे किती? दहा मीटर पाण्याचा उभा स्तंभ तळाशी साधारण एक बार दाब देतो. आमच्या आंदर मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांमधून खाली भिवपुरीच्या वीजघराकडे जातं. ही उतरण साधारण पाचशे मीटरची. म्हणजे तळाशी पाइपात पन्नास बारच्या आसपास दाब. जे पाइप लांबून बघतानाही छातीत धडधडतं, त्यांच्यातला दाब हा. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक दाब आहे ७३.८ बार. म्हणजे भिवपुरीची उतरण दीडपट केली तर आपण जेमतेम तिथे पोचतो. आणि २०४ बारसाठी पाण्याचा स्तंभ लागेल दोन किलोमीटरचा, कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त.

क्रांतिक तापमान मात्र सौम्य आहे, ३१.१ अंश. वैशाखातली दुपार त्याच्या वर असते. या दोन्ही आकड्यांच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइड ना धड द्रव राहतो ना धड वायू. भांड्याला काचेची खिडकी असेल तर द्रव आणि वायू यांच्यामधली रेघ पुसट होत होत नाहीशी झालेली दिसते. उरतो एकच प्रवाही पदार्थ. घनता द्रवाच्या जवळची, पातळपणा वायूच्या जवळचा.

यात मुद्दा घनतेचा आहे. एखादा पदार्थ यात विरघळेल का, हे मुख्यतः घनतेवर ठरतं. कारण एका रेणूभोवती कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू जमतात हे घनताच सांगते. आणि घनता दाबाच्या मागे सरळ रेषेत चालत नाही. ४० अंशांवर बघा. ८० बारला घनता असते ०.२८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ९० बारला ०.४९. १०० बारला ०.६३. फक्त वीस बारमध्ये दुपटीहून जास्त! त्याच तापमानाला पुढे १०० वरून २०० बारपर्यंत गेलात तर ती ०.८४ होते. शंभर बार चढूनही वाढ एक तृतीयांशच.

आता ६० अंशांवर बघा. १०० बारला ०.२९, २०० बारला ०.७२, ३०० बारला ०.८३. समजा एखाद्या निबंधात ६० अंशांवर १००, २०० आणि ३०० बार असे तीन प्रयोग आहेत. आलेखात तीन ठिपके समान अंतरावर दिसतील. पण रेणूंच्या दृष्टीने पहिल्या दोन प्रयोगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शेवटचे दोन जवळजवळ शेजारी. 'सुरुवातीला दाबाचा परिणाम मोठा, नंतर तो थांबतो' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो पॉलिमरबद्दल काहीच सांगत नाही. तो कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव सांगतो, आणि तो आपल्याला आधीपासून माहीत आहे.

म्हणून माझी पहिली मागणी: दाबाच्या शेजारी घनतेचा रकाना हवा. शुद्ध कार्बन डायऑक्साइडची घनता कोणालाही काढता येते, त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. मिश्रणाची घनता काढणं अवघड आहे, हे मान्य. पण मग भांड्याचं आकारमान आणि आत घातलेली वजनं तरी द्या.

तीन शिट्ट्या म्हणजे पाककृती नव्हे

मावळात इंद्रायणी तांदूळ घरोघरी शिजतो. कुणी विचारलं, भात कसा करायचा, आणि उत्तर मिळालं 'कुकरला तीन शिट्ट्या', तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारताच: पाणी किती? तांदूळ नवा की जुना? नव्या इंद्रायणीत पाणी जास्त झालं की त्याच तीन शिट्ट्यांत गिच्च गोळा होतो. शिट्टी आतला दाब सांगते. आत काय आणि किती घातलं होतं, ते सांगत नाही.

प्रयोगशाळेतला रिअ‍ॅक्टर असाच असतो. बहुतेक वेळा पोलादाचं छोटंसं भांडं, कधी फक्त काही मिलिलिटरचं. आधी मोनोमर, साखळी सुरू करणारा इनिशिएटर आणि स्टॅबिलायझर घालायचा, मग पंपाने कार्बन डायऑक्साइड भरायचा, तापवायचं, आणि वाटलं तर अजून थोडा भरून हव्या त्या दाबावर आणायचं. म्हणजे 'दाब वाढवला' याचा अर्थ प्रत्यक्षात 'कार्बन डायऑक्साइड जास्त भरला' असा होतो. भांडं तेवढंच, मोनोमर तेवढाच, पण एमएमए आणि कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण बदललं. एमएमए स्वतःच चांगला द्रावक आहे. मिश्रणात त्याचा हिस्सा घटला की मिश्रणाची विरघळवण्याची ताकद त्या बाजूने कमी होते, आणि घनता वाढल्यामुळे दुसऱ्या बाजूने वाढते. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतायत. तक्त्यात मात्र नाव एकाचंच: दाब.

बरं, भांडं बंद केल्यावर तरी परिस्थिती स्थिर राहते का? साधा हिशोब करू. १० मिलिलिटरच्या भांड्यात २ ग्रॅम एमएमए घातला. त्याची घनता ०.९४, म्हणजे जागा २.१ मिलिलिटर. सगळ्याचं पॉलिमर झालं तर त्याची घनता सुमारे १.१८, म्हणजे जागा १.७ मिलिलिटर. जवळजवळ अर्धा मिलिलिटर मोकळा झाला. शिवाय नवं पॉलिमर कार्बन डायऑक्साइड शोषून फुगतं, तो वेगळा हिशोब. शिवाय द्रावकाचं काम करणारा मोनोमर संपत आला. सुरुवातीला जे मिश्रण होतं ते शेवटी नाहीच. मग तक्त्यातले '२०४ बार' नेमके कोणत्या क्षणाचे? सुरुवातीचे की शेवटचे? दाब नोंदवणारा आलेख दिला असेल तर उत्तर मिळतं. एकच आकडा दिला असेल तर मिळत नाही.

१९९४ च्या निबंधाचं खरं बळ

इथे थोडं थांबून त्या निबंधाला त्याचं श्रेय देऊ. कार्बन डायऑक्साइडमध्ये बहुतेक पॉलिमर विरघळत नाहीत. अपवाद मोजके, काही फ्लोरिनयुक्त पॉलिमर आणि सिलिकॉन. डीसिमोन यांच्या गटाने १९९२ साली 'सायन्स'मध्येच असं एक फ्लोरिनयुक्त ॲक्रिलेट पॉलिमर विरघळलेल्या अवस्थेत बनवून दाखवलं होतं. १९९४ मध्ये त्यांनी तेच पॉलिमर स्टॅबिलायझर म्हणून वापरलं. त्याचा सांगाडा एमएमएच्या कणाला चिकटतो, आणि फ्लोरिनच्या शेपट्या बाहेर कार्बन डायऑक्साइडमध्ये पसरतात. दोन कण जवळ आले की शेपट्या त्यांना दूर ठेवतात.

त्यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलना. त्याच तापमानाला, त्याच दाबाला, स्टॅबिलायझर घालून आणि न घालता. न घालता उतारा ४० टक्क्यांच्या वर गेला नाही आणि रेणुभारही कमी राहिला. अगदी थोडा, मोनोमरच्या पाव टक्क्याच्या आसपास घातला तरी पावडर मिळाली. इथे एकच गोष्ट बदलली आहे, म्हणून इथला निष्कर्ष पक्का आहे. निबंधाचा पाया हाच, आणि तो आजही हललेला नाही.

गंमत म्हणजे हीच तुलना माझी शंका बळकट करते. शेपट्या पसरलेल्या राहण्यासाठी घनता पुरेशी हवी. ती एका मर्यादेखाली गेली की शेपट्या आक्रसतात आणि कण एकमेकांना चिकटतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले कीथ जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर याच दृष्टीने काम केलं, घनता आणि कण चिकटण्याची मर्यादा यांचा संबंध लावला. 'दाब कमी केल्यावर पॉलिमर बिघडलं' यापेक्षा 'या घनतेखाली स्टॅबिलायझर काम करेनासा झाला' हे वाक्य कितीतरी जास्त सांगतं. दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्या तापमानाला काय होईल याचा अंदाज पहिल्या वाक्यावरून बांधता येत नाही, दुसऱ्यावरून येतो.

सिलिंडरमधला पाहुणा

या क्षेत्रातला मला सगळ्यात आवडणारा निकाल १९९७ सालचा आहे, आणि तोही डीसिमोन यांच्याच गटाचा. कार्बन डायऑक्साइडचे काही सिलिंडर वरून हेलियमचा दाब देऊन विकले जायचे, पंपाला द्रव नीट मिळावा म्हणून. थोडा हेलियम कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतो. तो निष्क्रिय वायू, त्याने काय बिघडणार, असंच कुणालाही वाटेल. त्यांनी मोजलं. रेणूंच्या प्रमाणात फक्त २.४ टक्के हेलियम असताना कणांचा सरासरी व्यास २.६४ वरून १.६४ मायक्रॉनवर आला, आणि कण एकमेकांशी जास्त सारखे निघाले. हेलियममुळे मिश्रणाची द्रावकशक्ती घटते, हे त्यांनी रंग बदलणाऱ्या रेणूच्या साहाय्याने दाखवलं.

विचार करा. तापमान तेच. दाबाच्या रकान्यातला आकडा तोच. पण व्यास एक मायक्रॉनने कमी! कारण तक्त्यात नव्हतंच, ते सिलिंडरच्या चिठ्ठीवर होतं. हा निकाल हातात आल्यावर वायूची शुद्धता आणि सिलिंडरचा प्रकार न सांगता कणांच्या आकाराबद्दल बोलणारा निबंध मी अर्धवट समजतो.

असंच इनिशिएटरचं. एआयबीएन हा नेहमीचा इनिशिएटर बेंझिनमध्ये तुटतो त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे अडीच पट हळू तुटतो. पण तुटल्यावर दोन्ही तुकडे पातळ द्रावकात पटकन एकमेकांपासून दूर जातात, म्हणून साखळी सुरू करण्यात यशस्वी होणाऱ्या तुकड्यांचं प्रमाण सुमारे दीडपट जास्त. म्हणजे कार्बन डायऑक्साइड ही 'रिकामी जागा' नाही. तो सुरुवात मंदावतो आणि सुधारतोही. बेंझिनमधले आकडे उचलून इथल्या दाबाचा परिणाम समजावणाऱ्यांनी हे आधी वजा करायला हवं.

वाद: साखळी वाढते कुठे?

आता परिस्थितीचा आणखी एक घटक, जो तक्त्यात फार क्वचित दिसतो: ढवळणं.

व्हिनिलिडीन फ्लोराइड या मोनोमरपासून पॉलिमर बनवण्याचं काम नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्ज रॉबर्ट्स आणि डीसिमोन यांच्या गटांनी सतत चालणाऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये केलं. एकीकडून मोनोमर आत, दुसरीकडून पॉलिमर बाहेर. अशा रिअ‍ॅक्टरचा फायदा असा की परिस्थिती खरोखर स्थिर राहते, वर मी केलेली 'कोणत्या क्षणाचा दाब' ही तक्रार इथे उरत नाही. मोनोमरचं प्रमाण वाढवलं तेव्हा त्यांना दिसलं, की रेणुभाराच्या आलेखात एका टेकडीऐवजी दोन टेकड्या येतात. लहान साखळ्यांचा एक गट, मोठ्यांचा दुसरा.

का? रॉबर्ट्स यांच्या बाजूचं स्पष्टीकरण सगळी वाढ कार्बन डायऑक्साइडच्या अवस्थेतच धरतं, आणि दुसऱ्या टेकडीचं कारण लांब साखळ्यांच्या वागणुकीत शोधतं. झुरिकच्या ईटीएच संस्थेत मास्सिमो मोर्बिडेल्ली आणि जुझेप्पे स्टोर्टी यांच्या गटाचं म्हणणं वेगळं. वाढ दोन ठिकाणी होते, थोडी कार्बन डायऑक्साइडमध्ये, थोडी खाली बसलेल्या फुगीर पॉलिमरच्या कणांत. कुठे किती, ते ठरतं वाढती साखळी कणात शिरण्याआधी संपते की नाही यावर, आणि त्यात कणांच्या एकूण पृष्ठभागाचा वाटा मोठा.

दोन्ही बाजू गणित मांडतात, आणि दोन्ही गणितं प्रयोगाच्या आकड्यांना बऱ्यापैकी जुळतात. माझा कल झुरिककडे आहे. कारण त्यांचं गणित एक तपासण्याजोगी गोष्ट सांगतं: तापमान, दाब, मोनोमर तेच ठेवून कणांचा पृष्ठभाग बदला, रेणुभार बदलायला हवा. वाढ एकाच ठिकाणी होत असेल तर पृष्ठभागाने फारसा फरक पडू नये. अशी चाचणी शक्य व्हायची तर निबंधात ढवळण्याचा वेग, पात्याचा आकार, कणांचं माप हे सगळं लागतं. चुंबकाच्या छोट्या कांडीने ढवळलेल्या भांड्यात, पावडर दाट झाल्यावर कांडी फिरत होती की अडकली होती, तेही माहीत हवं. 'ढवळत ठेवले' या दोन शब्दांवरून हे कळत नाही.

आणि शेवटची पायरी, झडप उघडणं. एमएमएचं पॉलिमर साध्या हवेत शंभर अंशांच्या वर मऊ होतं. पण कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर रिअ‍ॅक्टरच्या ६५ अंशांनाही ते मऊ असतं. अशा मऊ कणांवरून दाब झटकन काढला तर आतला वायू फसफसून कण फुगवतो किंवा एकमेकांना चिकटवतो. हळू काढला, आधी थंड केलं, तर गोल कण टिकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकातल्या छायाचित्राखाली दाब किती वेळात उतरवला ते लिहिलेलं नसेल, तर ते छायाचित्र विक्रियेचं की झडपेचं, हे ठरवता येत नाही.

पुण्याच्या अंगणातला धडा

हे सगळं दूर अमेरिकेतलं वाटत असेल तर आमच्या मावळापासून तासा-दोन तासांवर पाषाणला या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि स्वामिनाथन शिवराम यांच्या काळात पॉलिकार्बोनेटवर काम झालं, त्याची अमेरिकेत पेटंट्स घेतली गेली, आणि जीई या बलाढ्य कंपनीने प्रयोगशाळेशी हातमिळवणी केली. त्या कामाचा गाभा होता साखळी घन अवस्थेत वाढवणं. पॉलिकार्बोनेटची जुनी पद्धत फॉसजीन हा विषारी वायू आणि डायक्लोरोमिथेन मागते. घन अवस्थेतल्या पद्धतीत छोट्या साखळ्यांची पावडर न वितळू देता तापवतात, दोन साखळ्या जोडल्या जातात आणि फिनॉल बाहेर पडतो. फिनॉल निघून गेला तरच साखळी पुढे वाढते.

पुढे डीसिमोन-रॉबर्ट्स यांच्या गटांनी हाच फिनॉल वाहून नेण्यासाठी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड वापरून पाहिला. तो पावडर फुगवतो, साखळ्या हलत्या होतात, फिनॉल लवकर सुटतो. इथे कार्बन डायऑक्साइड द्रावक नाहीच, तो मऊ करणारा आणि धुऊन नेणारा आहे. त्यामुळे महत्त्वाची परिस्थितीही बदलते: वायूच्या प्रवाहाचा वेग आणि पावडरीच्या कणाचा आकार. कण मोठा असेल तर फिनॉलला आतून बाहेर यायलाच वेळ लागतो, बाहेर दाब कितीही असो. अशा प्रयोगाबद्दल वाचताना मी तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगेन: तुलना कशाशी केली? साध्या दाबाच्या नायट्रोजनशी केली तर सुधारणा दाबाची, प्रवाहाची की कार्बन डायऑक्साइडची, हे वेगळं काढायला आणखी प्रयोग लागतात.

'हरित' हा शब्द कधी पटतो?

आता या सगळ्याचं मोल. कार्बन डायऑक्साइडमधल्या पॉलिमरवरच्या निबंधांची पहिली ओळ बहुधा एकच असते: हा हरित द्रावक आहे. स्वस्त, न जळणारा, विषारी नाही. खतकारखान्यांतून आणि मद्यार्काच्या डिस्टिलऱ्यांतून तो आयताच बाहेर पडतो. द्रावकाचे अंश शेवटी नदीत उतरतात, आणि आमची आंद्रा इंद्रायणीला जाऊन मिळते, त्यामुळे असा द्रावक मला मनापासून हवा आहे. म्हणूनच दावा कडक तपासायला हवा.

१९९४ चा स्टॅबिलायझर घ्या. निबंधांत त्याला पीएफओए म्हणत. हीच चार अक्षरं परफ्लुओरोऑक्टॅनोइक ॲसिड या वेगळ्या पदार्थालाही लावतात, तेव्हा गोंधळ नको. पण नातं अक्षरांपुरतं नाही. दोघांत सात कार्बनची फ्लोरिनने मढवलेली तीच शेपटी आहे. त्या ॲसिडवर आणि त्याच्याशी संबंधित, तीच शेपटी बाळगणाऱ्या संयुगांवर २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आले, कारण ती निसर्गात मोडत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठतात. १९९४ च्या निबंधाला २०१९ चा दंड लावणं अन्याय होईल. पण आज त्याच रसायनाला पहिल्या ओळीत 'हरित' म्हणणं चालणार नाही. सिलिकॉनच्या शेपट्यांचे पर्याय त्याच दशकात दाखवले गेले होते. त्यांना कोणती घनता लागते आणि ती राखायला किती दाब लागतो, हा आज खरा प्रश्न आहे. म्हणजे रिअ‍ॅक्टरची परिस्थिती आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय नाहीतच.

दुसरं, आकार वाढवणं. एमएमएचं पॉलिमर होताना किलोमागे सुमारे ५६० किलोज्यूल उष्णता निघते. १० मिलिलिटरच्या पोलादी भांड्यात ती भिंतीतून निघून जाते. भांडं १,००० लिटरचं केलं तर आकारमान एक लाख पट होतं, पण दर लिटरमागे भिंतीचा पृष्ठभाग ४६ पट कमी होतो. तिथे '६५ अंश' टिकवणं हीच मोठी कसोटी. शिवाय दोनशे बारला ती भिंत जाडजूड हवी, आणि जाड भिंतीतून उष्णता आणखी हळू जाते. टाकव्यातल्या एखाद्या उद्योजकाने निबंधातला तक्ता घेऊन भांडं बनवायला दिलं, तर त्याचे पैसे आणि त्याच्या कामगारांचा जीव ज्या माहितीवर अवलंबून आहे, ती तक्त्यात नाही.

तिसरं, वायू परत वापरणं. त्या छोट्या भांड्यात दोन ग्रॅम पावडरीसाठी पाच-साडेपाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. तो सोडून दिला तर 'हरित' म्हणण्यात अर्थ नाही. पकडून पुन्हा दोनशे बारला न्यायचा तर वीज लागते. तो हिशोब निबंधात असावा.

पद्धत जिथे कारखान्यापर्यंत पोचली, तिथलं कारण बघण्यासारखं आहे. ड्युपाँटने नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला फ्लोरिनयुक्त पॉलिमरसाठी हा मार्ग वापरला. टेट्राफ्लुओरोइथिलिन हा मोनोमर स्फोटक आहे, कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळून तो हाताळणं जास्त सुरक्षित होतं. शिवाय त्याच्या वाढत्या साखळ्या फार चपळ असतात, साध्या सेंद्रिय द्रावकातला हायड्रोजन ओढून घेतात आणि तिथेच थांबतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये ओढायला हायड्रोजनच नाही. म्हणजे इथे तो निवडला गेला तो त्या विक्रियेच्या गरजेमुळे. 'हरित' या बिल्ल्यापेक्षा हे कारण मला जास्त भरवशाचं वाटतं.

तेव्हा मंडळी, या विषयावरचा पुढचा निबंध हातात आला की तक्त्याआधी प्रयोगाची कृती वाचा. भांडं केवढं, आत काय किती ग्रॅम, घनता किती, वायू कोणत्या सिलिंडरमधला, ढवळलं कशाने, दाब विक्रियेदरम्यान कसा बदलला आणि शेवटी किती वेळात उतरवला. ही सात उत्तरं सापडली तर दाबाचा परिणाम खुशाल माना. तीन-चारच सापडली तर निकाल माना, पण त्याचं कारण मानू नका. १९९४ चा निबंध मी आजही नव्या विद्यार्थ्याला पहिला वाचायला देईन, त्यातल्या स्टॅबिलायझरच्या तुलनेसाठी. आणि त्याच्या जोडीला १९९७ चा हेलियमचा निबंध देईन. ज्या गटाने ही सवय लावली, त्याच गटाने तिची मर्यादाही मोजून दाखवली. वाचकांनी मात्र पहिला लक्षात ठेवला आणि दुसरा विसरले.

पुढच्या लेखात तापमान आणि दाब यांवरून घनता कागदावर कशी काढायची ते बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.